भात्याचं चामडं

नाट्यगीतांच्या एका कार्यक्रमात नुकताच दुरुस्त होऊन आलेला, पायांनी भाता चालवून वाजवायचा ऑर्गन मांडला होता. लाकडाला नवं पॉलिश, पट्ट्या स्वच्छ, पितळेचं सगळं सामान लखलखीत. लोक जवळ जाऊन कौतुकानं हात फिरवत होते. नांदी सुरू झाली आणि वादकाचे पाय नजरेत भरले. ठाय लयीच्या पदाला जे पाय एकाआड एक, सावकाश हलायला हवेत, ते धावत होते. गायक दोन ओळींच्या मध्ये थांबला की वाद्याच्या खालच्या अंगातून बारीक फुसफुस ऐकू यायची. तिसऱ्या पदापर्यंत वादक घामाघूम झाला होता, आणि कार्यक्रम संपल्यावर पुन्हा वाखाणणी झाली ती पॉलिशचीच. दुरुस्ती झाली होती, पैसे खर्च झाले होते, आणि वाद्याला श्वास मात्र पुरत नव्हता. खालची फळी काढून आतलं चामडं कुणी पाहिलंच नव्हतं, हे त्या फुसफुशीवरून उघड होतं.

मराठी रंगभूमीनं ऑर्गन इतका आपलासा केला की तो मुळात अमेरिकेतल्या दिवाणखान्यांसाठी आणि चर्चसाठी घडवलेला आहे, याचा विसर पडतो. व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी, बॉस्टनची मेसन अँड हॅम्लिन या त्यातल्या नावाजलेल्या कंपन्या. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा तिकडे या वाद्याची चलती ओसरत होती. कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारा प्लेयर पियानो घराघरात शिरत होता. इथे मात्र ऑर्गनचा लांब, न तुटणारा सूर बालगंधर्वांच्या गाण्याला असा मानवला की त्यावाचून संगीत नाटक उभं राहील ही कल्पनाच कुणाला करवेना. त्या सुराचं श्रेय आपण रीडला, म्हणजे हवेनं थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या पातीला, देतो. रीड पितळेची असते, शंभर वर्षांनीही बहुतेक वेळा जशीच्या तशी निघते, पुसून बसवली की बोलते. सूर न तुटण्याचं काम मात्र रीडचं नाही, हवेचं आहे. ती हवा धरून ठेवतात ते आतले चामड्याचे तुकडे, आणि ते नाशवंत असतात.

हातपेटी आणि ऑर्गन यांच्यातला एक फरक दुरुस्तीच्या दृष्टीनं फार मोठा आहे. हातपेटीत भाता हवा आत कोंडतो आणि ती रीडमधून बाहेर पडते. ऑर्गनमध्ये उलटं. पॅडल दाबलं की लहान भाता उघडतो आणि मोठ्या भात्यातली हवा ओढून घेतो. मग बाहेरची हवा रीडमधून आत खेचली जाते. मोठ्या भात्यातल्या स्प्रिंगा त्याला सतत उघडा ठेवायला पाहतात, पाय त्याला मिटवत राहतात, आणि या ओढाताणीतून एकसारखी ओढ तयार होते. नळीतलं पाणी किती वर ओढलं जातं यावर मोजली तर ती तीन-चार इंचांच्या आसपास भरते. इतक्या हलक्या बळावर सगळं चालत असल्यामुळे सुईच्या टोकाएवढी गळतीही, ती दहा ठिकाणी असली, की वादकाच्या पोटऱ्यांना कळते. शिवाय ही ओढ आहे, त्यामुळे जिथे फट असेल तिथून धूळही आत येते आणि थेट रीडच्या जिभेखाली जाऊन बसते. रीड वारंवार अडकते म्हणून लोक रीड साफ करत राहतात. खरा दोष बऱ्याचदा एखाद्या सांध्यावरच्या वाळलेल्या चामड्यात असतो.

म्हणून आधी तपासणी. सगळे स्टॉप, म्हणजे रीडचे संच उघडणाऱ्या खुंट्या, बंद करायचे, चार-पाच वेळा पॅडल मारून मोठा भाता पूर्ण मिटवायचा, पाय काढून घ्यायचे आणि तो परत उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. अर्धा मिनिट टिकला तर वाद्य चांगल्या अवस्थेत आहे. मिनिटभर टिकला तर उत्तम. पाच-सहा सेकंदांत फुलून आला तर वरवरची डागडुजी पुरणार नाही, भाता उतरवावाच लागेल. गळती नेमकी कुठे आहे हे शोधायला उदबत्तीसारखं साधन नाही. भाता मिटलेला असताना पेटलेली उदबत्ती सांध्यांच्या कडेनं सावकाश फिरवायची. फट असेल तिथे धुराची सरळ रेघ वाकून आत शिरते. हातपेटीत हेच केलं तर धूर बाहेर उडवला जातो. सुकलेलं लाकूड आणि जुनं कापड जवळ असतं, त्यामुळे हे काम एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हातात ओला फडका घेऊन करायचं.

भाता उतरवला की चामडं स्वतःच आपली अवस्था सांगतं. निरोगी जुनं चामडं काळवंडलेलं असलं तरी दुमडलं की दुमडतं आणि सोडलं की परत येतं. मेलेलं चामडं दुमडीवर तडकतं, बोटाला लालसर भुकटी लागते. झाडाच्या सालीनं कमावलेल्या चामड्याला हा रोग होतो. हवेतला गंधकाचा धूर त्यात मुरत जातो, त्याचं आम्ल होतं आणि तंतू आतून खाल्ले जातात. ही भुकटी झालेलं चामडं तेल लावून जिवंत होत नाही. कितीही मन होत नसलं तरी ते काढायचंच. तेल पाजल्यानं ते चार दिवस मऊ वाटतं, पण तेल लाकडात उतरतं आणि मग त्या जागी पुढे कुठलाही सरस धरत नाही. आपल्याकडे उंदरांचाही मोठा वाटा असतो. त्यांना चामड्यापेक्षा त्याखालचा सरस आवडतो, आणि ते नेमके भात्याच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करतात, कारण तिथे सरसाचा थर सगळ्यात जाड असतो.

जुने तुकडे उपटून फेकण्याची घाई करू नये.

प्रत्येक तुकडा काढण्याआधी त्यावर तपकिरी कागद ठेवून आकार उतरवून घ्यावा, जाडी मोजावी, मऊ बाजू कुठे होती आणि गुळगुळीत कुठे, हे पेन्सिलीनं कागदावरच लिहावं. ऑर्गनमध्ये एकाच जाडीचं चामडं सगळीकडे नसतं. भात्याच्या कोपऱ्यांत पाऊण मिलिमीटरच्या आत, झडपांना दीड मिलिमीटरच्या आसपास, पट्ट्यांखालच्या, पट्टी दाबली की उघडून रीडला हवा देणाऱ्या झाकणांना त्याहून थोडं पातळ. कारखान्यात ज्यानं हे ठरवलं त्यानं काही विचार करून ठरवलं होतं, आणि तो विचार दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेला नाही. सरस सोडवण्यासाठी ओला फडका आणि कोमट इस्त्री पुरते. ओल आणि ऊब मुरू दिली की पातळ सुरीनं चामडं सोलून निघतं आणि लाकडाचा एक धागाही उचकटत नाही. कोरडं असताना खरवडायला गेलं की लाकडाला खड्डे पडतात. मग नवं चामडं बसतं ते खड्ड्यांवरून, आणि हवा त्या खड्ड्यांतून वाट काढते.

चामडं निवडताना बाजारात ज्याला चांगलं म्हणतात ते इथे उपयोगाचं असेलच असं नाही. बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं कोल्हापुरी चामडं वहाणांसाठी उत्तम, भात्यासाठी फार ताठ. इथे लागतं मेंढीचं किंवा बकरीचं, मऊ, एकसारख्या जाडीचं. युरोपात मोठ्या ऑर्गनांच्या भात्यांना तुरटीनं कमावलेलं पांढरं कातडं वापरण्याची जुनी परंपरा आहे. ते वर्षानुवर्षं लवचिक राहतं, पण पाण्यात भिजवलं तर तुरटी धुऊन जाते आणि कातडं वाळल्यावर पत्र्यासारखं कडक होतं, म्हणून त्याला सरस लावतानाही हात कोरडा ठेवावा लागतो. क्रोमनं कमावलेलं चामडं कापलेल्या कडेला निळसर-करडं दिसतं, मऊ असतं, स्वस्त मिळतं. एका कातड्यातही सगळा भाग सारखा नसतो. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट आणि न ताणणारा. झडपा तिथून कापायच्या. पोटाकडचा भाग सैल, ताणला जाणारा. तो कोपऱ्यांना चालतो, झडपेला चालत नाही, कारण सहा महिन्यांत झडपेला पोक येतो. धारावीत किंवा कुठेही चामडं घेताना उजेडासमोर धरून पाहावं, आणि शक्य असेल तर एका बाजूनं ओठ टेकवून हवा ओढून पाहावी. चांगल्या तुकड्यातून हवा येते, पण झगडून येते.

झडपांचं काम दिसायला सगळ्यात सोपं आणि बिघडायला सगळ्यात सोपं. फळीला छिद्रं असतात, त्यांवर चामड्याची पट्टी, एका दिशेनं हवा गेली की उचलली जाणारी आणि उलट्या दिशेनं चिकटून बसणारी. मऊ, लवदार बाजू फळीकडे ठेवायची, कारण ती लवच लाकडाच्या बारीक उंचसखलपणाशी जुळवून घेते. छिद्राच्या चारही बाजूंना आठ-दहा मिलिमीटर तरी चामडं पुढे यायला हवं. दोन टोकांना खिळवताना पट्टी ताणायची नाही, मध्ये किंचित ढिली ठेवायची, बोटानं उचलली तर चार-पाच मिलिमीटर उठेल इतकी. ताणून बसवली तर हवेला वाट मिळत नाही आणि पॅडल जड होतं. फार ढिली ठेवली तर प्रत्येक पावलाला फटफट असा आवाज येतो, जो तालमीत कुणाच्या लक्षात येत नाही आणि ध्वनिमुद्रणात मात्र ऐकू येतोच येतो. खिळे लोखंडी नकोत. दमट हवेत लोखंड गंजतं, गंज चामड्याला जाळतो आणि नेमकी खिळ्याभोवतीची जागा आधी फाटते. तांब्याचे किंवा पितळेचे वापरावेत.

पट्ट्यांखालच्या झाकणांना मात्र धीर लागतो. पाच सप्तकांच्या ऑर्गनला अशी एकसष्ट झाकणं असतात, प्रत्येकावर आधी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर आणि त्यावर चामडं. एकेक तुकडा कापून चिकटवला तर एकसष्ट वेगवेगळी झाकणं तयार होतात. त्यापेक्षा आठ-दहा झाकणं शेजारी शेजारी बांधून एकाच सलग पट्टीवर चिकटवायची, काचेवर पालथी घालून वर वजन ठेवायचं आणि सरस वाळल्यावर धारदार रापीनं मधोमध कापून वेगळी करायची. सरस इतकाच लावायचा की तो नमद्यात मुरणार नाही. मुरला की तिथे खडा तयार होतो, झाकण त्या खड्यावर टेकतं, बाकीची कड उघडी राहते आणि हात काढला तरी सूर बोलत राहतो. जाडीचा प्रश्न इथे सगळ्यात नाजूक असतो. नवं चामडं जुन्यापेक्षा जाड निघालं तर झाकण खाली लोंबतं, त्यावरची लाकडी दांडी खाली येते आणि पट्टी दाबताना सुरुवातीचा भाग पोकळ जातो. पातळ निघालं तर दांडी वर चढते आणि पट्टी उचलली जाते. वादक म्हणतो, पट्ट्या बिघडल्या. पट्ट्यांना हात लावायची काहीच गरज नसते. झाकण नीट बसतं की नाही हे पाहायला छिद्राच्या कडेवर खडू घासून झाकण एकदा मिटवायचं. चामड्यावर चारही बाजूंची अखंड रेघ उमटली पाहिजे. जुनं चामडं केवळ दाबून घट्ट झालं असेल आणि तंतू शाबूत असतील, तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच लव उठवून काही वर्षं काढता येतात. तेवढ्यासाठी सगळं बदलण्याचा आग्रह मी तरी धरणार नाही.

आता चिकटवायचं कशानं, यावर बोलायला हवं, कारण वाद्य पुढची शंभर वर्षं जगणार की नाही हे चामड्यापेक्षाही यावर ठरतं. सुतारकामाचा पांढरा गोंद दुकानात सहज मिळतो, थंड वापरता येतो, घट्ट धरतो. म्हणूनच तो घातक आहे. तो लाकडाच्या रंध्रांत शिरून प्लॅस्टिकचा पापुद्रा होऊन बसतो. वीस वर्षांनी ते चामडं थकलं की काढताना लाकूड सोबत येतं, आणि उरलेल्या पापुद्र्यावर नवा सरस धरत नाही. चपलांचं रबरी सोल्यूशन उन्हाळ्यात सैल पडतं आणि सततच्या ताणाखाली सरकत जातं. भात्याला रेक्झिन लावलेले ऑर्गनही दिसतात. ते वाकताना ताठ राहतं, घडीवर चिरतं आणि त्याला सरस धरत नाही म्हणून पुन्हा तोच गोंद येतो. ज्यांनी ही वाद्यं बनवली त्यांनी जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस वापरला, आणि तो ऊब व ओल दिली की सुटतो हे त्यांना ठाऊक होतं. चामडं मरणारच आहे, ते पुन्हा पुन्हा बदलावं लागणार आहे, हे धरूनच त्यांनी वाद्याची रचना केली होती. पांढरा गोंद लावणारा माणूस आपल्यानंतर इथे कुणी येणारच नाही असं गृहीत धरतो. मला ही गोष्ट तुटक्या रीडपेक्षा जास्त लागते.

सरस करायला फार काही लागत नाही. दाणे किंवा तुकडे रात्रभर गार पाण्यात भिजत घालायचे, वजनाच्या दीड ते दोन पट पाणी. सकाळी ते फुगून जेलीसारखं होतं. भांडं गरम पाण्यात ठेवून साठ अंशांच्या आसपास तापवायचं, थेट आचेवर कधीच नाही. सत्तरच्या पुढे गेलं की त्याची पकड कमी होत जाते. कुंचल्यावरून अखंड धार पडेल इतपत पातळ असावा. लावल्यावर मिनिटभरात तो गोठायला लागतो, म्हणून लाकूड आधी कोमट करून घ्यायचं, चामडं मापात कापून, कडा रापीनं तासून तयार ठेवायच्या. कड तासली नाही तर घडीवर पायरी राहते आणि तिथूनच पहिला चीर जातो. मोठ्या भात्याला रबराचा थर दिलेलं सुती कापड चढवताना दोन माणसं हवीतच. एकानं लावायचं, दुसऱ्यानं मागोमाग गरम ओल्या फडक्यानं दाबत यायचं. कोपऱ्यांवर चामड्याचे तुकडे शेवटी, भाता पूर्ण उघडा असताना. मिटलेल्या स्थितीत लावले तर उघडताना ते ताणले जातात आणि महिन्याभरात सुटतात.

चामड्याची रंध्रं बुजवून ते हवाबंद करायचं की नाही, हा प्रश्न प्लेयर पियानोच्या कारागिरांना जास्त छळतो, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. एडविन वोटी यांनी १८९५ मध्ये डेट्रॉइट शहरात ‘पियानोला’ नावाचं, पियानो आपोआप वाजवणारं यंत्र बनवलं. पुढे १९०८ मध्ये बफेलोला उत्पादकांनी गुंडाळीची मापं ठरवून घेतली, सव्वाअकरा इंच रुंद, इंचाला नऊ छिद्रं, अठ्ठ्याऐंशी सूर. प्रत्येक सुरामागे चामड्याची रुपयाच्या नाण्याएवढी एक पातळ चकती असते, पाव मिलिमीटर जाडीची, मध्ये सुमारे तीन मिलिमीटर खोल वाटी करून सैल बसवलेली. कागदातलं छिद्र आलं की तिच्याखाली बाहेरची हवा शिरते, चकती फुगते आणि वरची झडप उचलते. झडपेची हालचाल जेमतेम एक मिलिमीटरची. छिद्र गेलं की आत अडकलेली हवा एका बारीक भोकातून ओढली जाते आणि चकती खाली बसते. चकतीचं चामडं सच्छिद्र राहिलं तर तेवढी हवा तिच्यातूनच गळते, झडप अर्धवट उठते आणि सूर लुळा पडतो. म्हणून त्या चामड्याला सील करावं लागतं. जुने कारागीर पातळ केलेलं रबर सोल्यूशन किंवा अंड्याचा पांढरा भाग लावत, आता सिलिकॉनचा पातळ हात देतात. जास्त झालं की चकती ताठ होते, कमी ओढीवर हलतच नाही आणि हळुवार वाजवण्याचे प्रसंग हरवतात. लावल्यावर शंखजिऱ्याची पूड चोळायची, नाहीतर चकती स्वतःलाच चिकटते. नळीला तोंड लावून हवा ओढली आणि जीभ टेकवून धरली तर ओढ काही सेकंद टिकावी, ही त्यांची कसोटी.

ऑर्गनमध्ये इतकी काटेकोर सीलबंदी नको. झडपांना आणि झाकणांना काहीच लावायचं नाही, त्यांची लवच त्यांचं सील आहे. तिच्यावर रबराचा हात फिरवला की ती चिकटायला लागते आणि पावसाळ्यात झाकण उघडतच नाही. सील करायचं ते फक्त भात्याच्या कोपऱ्यांचं चामडं, तेही आतल्या अंगानं, पातळ. कापडाला एखादं भोक पडलं असेल तर ठिगळ कुठल्या बाजूनं लावायचं हे वाद्यावर अवलंबून आहे. ऑर्गनला बाहेरून, कारण बाहेरची हवा ते ठिगळ सतत आत दाबून धरते. हातपेटीला आतून, कारण तिथे बाहेरून लावलेलं ठिगळ प्रत्येक दाबाला उचकटलं जातं. हातपेटीची बाहेरून लावलेली ठिगळं चार महिन्यांत सुटतात आणि दोष सरसाला दिला जातो.

हे काम पावसाळ्यात घेऊ नये, आणि घेऊन आलेल्याला स्पष्ट तसं सांगावं. ओल्या हवेत सरस वाळायला दुप्पट वेळ घेतो, त्यावर बुरशी धरते, आणि फुगलेल्या लाकडावर बेतलेले सांधे मार्चमध्ये उघडे पडतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे महिने चांगले. काम झाल्यावर वाद्य कोपऱ्यात झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडं वाजवलेलं बरं, कारण नवं चामडं हलल्यानंच आपल्या जागेशी जुळतं. पहिल्या दोन महिन्यांत झाकणांचं चामडं थोडं दबतं, तेव्हा दांड्या आणि पट्ट्यांमधलं अंतर पुन्हा एकदा तपासावं लागतं. पहिला पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्यांदा पाहावं. तेव्हा एखादं झाकण फुगून त्याला सरळ ठेवणाऱ्या खिळीत अडकतं. खिळीला शिसपेन्सिलीची पूड चोळली की सुटतं, तेल घालायचं नाही. आणि खालची फळी बंद करण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहाव्यात: साल, चामडं कोणतं आणि किती जाड, आणि चिकटवलं कशानं.